अमीबाच्या आत नांदणारा जिवाणू: जंगलातल्या मातीपासून पुराव्यापर्यंत

अमीबाच्या आत जिवाणू दिसला, एवढ्यावरून तो तिथे राहतो असं म्हणता येत नाही. जिवाणू हे अमीबाचं रोजचं जेवण आहे, आणि पोटातल्या घासाला कोणी घरचा माणूस म्हणत नाही. प्रश्न असा असतो: दिसलेला जिवाणू गिळलेला आहे, बाहेरून चिकटलेला आहे, की खरोखर आत नांदतो आहे? या लेखातली प्रत्येक पायरी या तिघांना वेगळं काढण्यासाठी आहे. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत, बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेल अशा बेताने मी ती लिहिली आहे.

नांदणं म्हणजे काय, हे ज्या घटनेने जगाला दाखवलं ती आधी सांगतो. 1966 साली अमेरिकेत बफेलो इथे क्वांग जिऑन या संशोधकाकडच्या 'अमीबा प्रोटिअस'च्या एका वाणात जिवाणूंची लागण झाली. एकेका पेशीत 60,000 ते 1,50,000 जिवाणू. बहुतेक अमीबा मेले. जे थोडे उरले ते जिऑन यांनी टाकून दिले नाहीत, वर्षानुवर्षं जपले. पुढे त्यांनी केंद्रकांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की लागण झालेल्या वाणाचं केंद्रक जिवाणू नसलेल्या पेशीत घातलं तर ती पेशी तग धरत नाही. जीव घ्यायला आलेल्या पाहुण्यावाचून आता घराचं पान हलत नव्हतं. तो जिवाणू लिजिओनेला या जिवाणूंच्या गटाच्या जवळचा निघाला आणि 2004 मध्ये जिऑन यांच्याच नावावरून 'लिजिओनेला जिओनिआय' म्हणून ओळखला जाऊ लागला. मायटोकाँड्रिया एके काळी स्वतंत्र जिवाणू होते हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. इथे तशाच वाटेची सुरुवात एका माणसाच्या हयातीत घडली.

कोणता अमीबा घ्यायचा

अकँथमीबाच्या वाटेला नवशिक्यांनी जाऊ नये. सहजीवी जिवाणूंवरचं पुष्कळ काम त्याच्यावर झालंय हे खरं, पण तो डोळ्याच्या बुबुळाला गंभीर इजा करतो. कोमट गोड्या पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी तर मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेतो. म्हणून डबक्याच्या पाण्यातले 'कुठले तरी' अमीबा उबदार इनक्युबेटरमध्ये वाढवायचे नाहीत.

त्याऐवजी मातीतले सामाजिक अमीबा घ्या, म्हणजे डिक्टिओस्टेलिड. ते गारव्यातले जीव आहेत. 20 ते 23 अंश सेल्सिअसला खुशीत असतात आणि माणसाच्या अंगातल्या तापमानाला जगत नाहीत. खाणं संपलं की सुटे सुटे अमीबा एकत्र येतात, त्यांची बारीक अळीसारखी स्लग बनते, ती सरपटते आणि शेवटी उभी राहते. काही पेशी मरून दांडी होतात, उरलेल्या दांडीच्या टोकावर बीजाणू होतात. या टोकावरच्या थेंबाला शास्त्रीय भाषेत सोरस म्हणतात. मी बोंड म्हणेन, कारण ते दिसतं तसंच. बोंड हवेत उभं असतं, प्लेटच्या चिखलापासून दूर. त्यामुळे त्यात जिवाणू सापडला तर तो अमीबाबरोबर वर चढूनच आलेला असतो. आपली पहिली चाचणी याच गोष्टीवर उभी आहे.

या गटातला सर्वांत अभ्यासलेला अमीबा डिक्टिओस्टेलियम डिस्कोइडियम. केनेथ रेपर यांनी तो उत्तर कॅरोलायनातल्या जंगलाच्या मातीतून मिळवला आणि 1935 मध्ये त्याचं वर्णन छापलं. 2011 मध्ये डेब्रा ब्रॉक, जोन स्ट्रासमन, डेव्हिड क्वेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रानातून आणलेल्या वाणांपैकी सुमारे एक तृतीयांश वाण सगळे जिवाणू खाऊन टाकत नाहीत. थोडे शिल्लक ठेवतात, बोंडातून बरोबर नेतात आणि नव्या जागी पेरतात. त्यांना 'शेतकरी अमीबा' हे नाव पडलं. पुढे कळलं की या शेतीमागे पॅराबर्कोल्डेरिया गटाचे जिवाणू असतात. ते स्वतः अमीबाच्या पेशीत शिरतात, बीजाणूतही राहतात, आणि ते आले की अमीबा खाण्याचे जिवाणूही बाळगू लागतो. 2020 मध्ये त्यांच्या तीन जातींना नावं मिळाली: अॅग्रिकोलारिस, हेलेयेला आणि बॉनिआ.

आपल्याकडच्या मातीत डिस्कोइडियमच मिळेल अशी आशा धरू नका. दक्षिणेत मुदुमलईच्या जंगलातून मिळालेल्या वाणांमध्ये डिक्टिओस्टेलियम जायगँटियम आणि जांभळ्या बोंडांचा पुरप्युरियम आहेत. ते चालतात. पद्धत तीच राहते.

सुरक्षितता, आणि ती घाईत वाचायची नाही

मातीतून अनोळखी जिवाणू वाढवताना एक धोका आपल्या भागात खरा आहे. बर्कोल्डेरिया सुडोमॅलाय या मेलिऑइडोसिसच्या जिवाणूचं घर ओली माती आणि भातशेतीचं पाणी हे आहे, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या आजाराचे रुग्ण नियमित सापडतात. म्हणून भातखाचरातली, ओढ्याकाठची, पाणी साचलेली माती घ्यायची नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मातीच्या प्लेटचं काम दुसऱ्याकडे द्यावं. हातमोजे, मास्क, हाताला जखम असेल तर काम बंद. कुठलीही प्लेट 37 अंशांवर ठेवायची नाही. अनोळखी जिवाणू हुंगून पाहायचा नाही, ही सवय अजून काही प्रयोगशाळांत दिसते. वापरलेली प्रत्येक प्लेट 121 अंशांवर किमान 30 मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जात नाही. यातलं काहीही घरच्या स्वयंपाकघरात करण्यासारखं नाही.

माती आणणे

पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाडाखालचा पाचोळा बाजूला करा. त्याच्या लगेच खाली काळसर, भुसभुशीत, कुजलेल्या पानांचा वास येणारा थर असतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर एवढंच हवं. खालची लाल माती घेऊन उपयोग नाही, अमीबाचं अन्न वरच्या थरात असतं. सह्याद्रीतली जुनी दाट राई मिळाली तर उत्तम. देवराई असेल तर गावातल्या जाणत्यांना विचारून, आणि अभयारण्य असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीनेच. एका ठिकाणाहून पाच-सहा लहान नमुने, एकमेकांपासून काही मीटर अंतरावरून, वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घ्या. पिशवी उन्हात गाडीत राहिली तर आत फक्त बुरशी उरते. सावलीत आणा आणि शक्यतो दोन-तीन दिवसांत प्लेट टाका.

माध्यमं

तीन गोष्टी लागतील.

गवताचं अगार: पावसात भिजून पिवळं पडलेलं, औषध न मारलेलं गवत 10 ग्रॅम, एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा आणि गाळा. पाणी पुन्हा एक लिटर करून त्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 1.5 ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 0.62 ग्रॅम, अगार 15 ग्रॅम. पीएच 6 च्या आसपास. हे माध्यम मुद्दाम गरीब ठेवलेलं आहे. श्रीमंत माध्यमावर मातीतली बुरशी दोन दिवसांत सगळं गिळते.

एसएम/5 अगार: एका लिटरला ग्लुकोज 2 ग्रॅम, पेप्टोन 2 ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 0.2 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.2 ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 1.9 ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट 1 ग्रॅम, अगार 15 ग्रॅम.

केके2 बफर: एका लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 2.25 ग्रॅम आणि डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट 0.67 ग्रॅम.

खाणं म्हणून ई. कोलाय, प्रयोगशाळेतला निरुपद्रवी वाण. तो लॅक्टोज आंबवणारा हवा, म्हणजे मॅकॉन्की अगारवर गुलाबी येणारा. हा मुद्दा बारीक वाटेल, पण पुढे सगळं यावर अडतं. डीएच5 अल्फासारखे क्लोनिंगचे वाण लॅक्टोज आंबवत नाहीत. ते घेतले तर आपलं खाणं आणि अमीबाचा पाहुणा रंगावरून वेगळे काढता येणार नाहीत.

पहिल्या प्लेट

10 ग्रॅम माती 240 मिलि निर्जंतुक पाण्यात घालून पाच मिनिटं जोरात हलवा. जड कण खाली बसू द्या. वरचं पाणी 0.5 मिलि गवताच्या अगारवर, त्यातच ई. कोलायचं दुधासारखं दाट मिश्रण 0.4 मिलि, आणि प्लेट हलक्या हाताने फिरवून पसरवा. एका प्लेटमध्ये अशी सुमारे 0.02 ग्रॅम माती जाते. प्रत्येक नमुन्याच्या पाच-सहा प्लेट टाका.

मग 22 अंशांवर बीओडी इनक्युबेटर, म्हणजे खोलीपेक्षा गार तापमानही राखणारी पेटी. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात खोलीत ठेवून हे जमत नाही. 27 अंशांच्या वर बरेच वाण मुकाट मरतात आणि आपण मातीला दोष देत बसतो. वीज जाणाऱ्या गावात थर्माकोलची पेटी आणि बर्फाच्या बाटल्या यावरही काम निघतं, फक्त थर्मामीटर आत ठेवा आणि दिवसातून तीनदा नोंद करा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश तिरका टाकून रोज पाहा. आधी जिवाणूंच्या धुरकट थरात स्वच्छ गोल डाग पडतात. तिथे अमीबा चरत आहेत. मग त्या डागात बारीक रेघा उठतात, ओढे नदीला मिळावेत तशा मध्याकडे वाहणाऱ्या. उपाशी अमीबा रासायनिक हाकेला ओ देऊन गोळा होत असतात. पाचव्या ते सातव्या दिवशी काचेच्या तारेसारख्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला बोंडं. पुरप्युरियमची बोंडं जांभळी असतात. दांडीवर ठरावीक अंतराने फांद्यांचे चक्राकार झुबके दिसले तर तो पॉलिस्फॉन्डिलियमच्या गोतावळ्यातला. बुरशीचा केसाळ पांढरा पसारा आणि ही बोंडं यांतला फरक पहिल्या दोन दिवसांत कळत नाही, मग नजर बसते.

कोळी-किडे म्हणजे माइट हे इथले खरे वैरी. एक माइट एका प्लेटवरून दुसरीवर बीजाणू आणि बुरशी दोन्ही घेऊन फिरतो. मातीच्या प्लेट आणि शुद्ध प्लेट एका पेटीत कधीही ठेवू नका.

वाण शुद्ध करणे

प्लेटला न टेकता फक्त बोंडाला निर्जंतुक सुईचं टोक लावा. बोंड सुईवर चिकटून येतं, दवाचा थेंब गवताच्या पात्यावरून उचलावा तसं. ते 1 मिलि केके2 मध्ये सोडा, दहापट-दहापट पातळ करत जा आणि ई. कोलायबरोबर एसएम/5 वर पसरा. एका प्लेटवर सात-आठ सुटे डाग येतील ती पातळी निवडा. एका सुट्या डागातून पुन्हा हेच. असं दोनदा केल्यावरच तो एक वाण समजा. जंगलात एकाच बोंडात वेगवेगळ्या वंशाचे बीजाणू असतात हे मुदुमलईच्या वाणांवरच्या कामातही दिसलं आहे, त्यामुळे ही पायरी गाळली तर पुढचे सगळे निष्कर्ष दोन वाणांची खिचडी होतात.

इथे प्रतिजैविक वापरायचा मोह होतो. वापरू नका. ज्याला शोधायचंय त्यालाच आपण मारून बसू.

ठिपका-चाचणी

शुद्ध वाणाची बोंडं एसएम/5 च्या नव्या प्लेटवर ठेवायची. या प्लेटवर ई. कोलाय घालायचा नाही. एका वाणाची दहा बोंडं, चौकोनी आखणीत, एका ठिकाणी एकच. 22 अंशांवर ठेवा आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी पाहा.

जिवाणू न बाळगणाऱ्या वाणाच्या ठिपक्यावर काहीच होत नाही. बीजाणू फुटतात, खायला नसतं, संपतात. बाळगणाऱ्या वाणाच्या ठिपक्यावर दुसऱ्या दिवशी चकचकीत, सायीसारखी गोल टिकली दिसते. ते जिवाणू. चौथ्या दिवशी टिकलीचा मध्य विरळ होतो, कडा फाटक्या होतात, कारण त्याच बोंडातले अमीबा आता ते जिवाणू खातायत. आणि आठवड्याने, आपण एक दाणाही न टाकलेल्या जागी बोंडं उभी असतात. ज्याने ही टिकली पहिल्यांदा पाहिली, त्याला पुढे वर्षभर या कामातून उठावंसं वाटत नाही. माझं तसंच झालं.

आता नियंत्रणं, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. चार लागतात: सुई फक्त हवेतून फिरवून टेकवलेली जागा, सुई केके2 मध्ये बुडवून टेकवलेली जागा, बोंडाच्या शेजारचा अगारचा पृष्ठभाग खरवडून टेकवलेली जागा, आणि जिवाणू न बाळगणारा माहीत असलेला एखादा वाण. तिसरं नियंत्रण मी पहिल्या वर्षी ठेवलं नव्हतं. जवळजवळ सगळेच वाण 'शेतकरी' निघाले, विद्यार्थ्यांनी पोस्टर केलं, आणि नंतर मॅकॉन्कीवर टाकल्यावर सगळ्या टिकल्या गुलाबी आल्या. सुई दांडीच्या बुडाला, अगारला घासत होती आणि आम्ही आमचाच ई. कोलाय परत वाढवत होतो. पोस्टर मागे घेतलं. तेव्हापासून टिकली आली की तिचा एक ओरखडा मॅकॉन्कीवर जातोच.

टिकली गुलाबी आली तर लगेच फेकूही नका. खरे शेतकरी अमीबा खाण्याचे जिवाणूही बोंडातून नेतात, त्यामुळे गुलाबी आणि रंगहीन अशा दोन्ही वसाहती मिळू शकतात. दोन्ही सुट्या करा, वेगवेगळ्या साठवा. केवळ गुलाबी आल्या आणि तिसरं नियंत्रण स्वच्छ असेल, तर चाचणी नव्या बोंडांवर पुन्हा करा.

आणि ठिपका रिकामा राहिला म्हणून घर रिकामं आहे असं नाही. अमीबोफिलस आणि अमीबात राहणारे क्लॅमिडिया गटाचे जिवाणू अगारवर वाढतच नाहीत. डिस्कोइडियमच्या रानटी वाणांमध्ये हे दोन्ही 2021 च्या कामात सापडले आहेत. त्यांना शोधायचं तर डीएनएकडे जावं लागतं.

आत की बाहेर

इथे बहुतेक प्रकल्प अडखळतात, म्हणून सावकाश जाऊ.

पहिली गोष्ट धुणं. चरणारे अमीबा केके2 मध्ये घ्या, हलक्या वेगाने, सुमारे 300 ते 400 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट), तीन-चार मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. अमीबा तळाशी बसतात, सुटे जिवाणू वर राहतात. वरचं पाणी टाका, नवं बफर घाला, पुन्हा. असं चार वेळा. शेवटचं पाणी प्लेटवर टाकून मोजा.

मग उपास. धुतलेले अमीबा केके2 मध्ये तीन-चार तास हलवत ठेवा. गिळलेला ई. कोलाय तेवढ्यात बराचसा पचतो. पचत नाही तो आपल्या कामाचा.

मग जेन्टामायसिन. हे प्रतिजैविक अखंड अमीबाच्या आत फारसं शिरत नाही, म्हणून बाहेरचे जिवाणू मरतात, आतले वाचतात. एक-दोन तास ठेवून पुन्हा धुवा. आता दोन भाग करा. एक तसाच प्लेटवर. दुसऱ्यात 0.2 ते 0.4 टक्के ट्रायटन एक्स-100 हा साबणासारखा पदार्थ घालून अमीबा फोडा आणि प्लेटवर टाका. फोडल्यावर वसाहती एकदम वाढल्या तर जिवाणू आत होते.

यात एक सापळा आहे आणि तो नेमका आपल्याच पाहुण्यासाठी लावलेला आहे. बर्कोल्डेरियाच्या गोतावळ्यातले अनेक जिवाणू जेन्टामायसिनला दाद देत नाहीत. तसं असेल तर बाहेरचेही जगतील आणि आपण त्यांना आतले समजू. म्हणून आधी सुट्या केलेल्या जिवाणूवर तेच प्रमाण, तेवढाच वेळ, अमीबाशिवाय वापरून पाहा. तो मरत नसेल तर ही चाचणी त्याच्यासाठी बाद. ट्रायटनचंही तसंच: त्याने जिवाणू मरत नाही ना, हे वेगळं तपासा.

डोळ्यांनी पाहणे

काचेवर अमीबाचा थेंब, त्यावर अगारचा अगदी पातळ तुकडा, मग कव्हरस्लिप. अगारच्या वजनाने अमीबा पोळीसारखा चपटा होतो आणि आतलं सगळं एका पातळीत येतं. फेज कॉन्ट्रास्ट असेल तर उत्तम, 100 पटीचं तेलाचं भिंग हवंच. अमीबा 10 ते 15 मायक्रॉनचा, जिवाणू 1-2 मायक्रॉनचा.

आता एकच पेशी धरा आणि तासभर तिच्यावरून नजर हलवू नका. घास म्हणून गेलेला जिवाणू गोल पारदर्शक फुग्यात असतो. आधी त्याची कडा स्पष्ट असते, मग तो फुगतो, पुसट होतो, शेवटी फुग्यात नुसता धूसर गाळ उरतो. नांदणारा जिवाणू तासाभरानेही तितकाच काळा, तितकाच रेखीव असतो. कधी त्याच्या मध्यावर खाच पडलेली दिसते, म्हणजे तो आतल्या आत दुभंगतोय. ही खाच दिसली की दहा मिनिटांनी एकेक फोटो घ्या. पुराव्यात याला मोल आहे.

डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून चमकणारे ठिपके मोजण्याची पद्धत सोपी आहे आणि फसवीही. डिक्टिओस्टेलियमच्या मायटोकाँड्रियात स्वतःचा डीएनए असतो, तोही डॅपीने ठिपक्यांसारखा चमकतो. जिवाणू नसलेला वाण शेजारी रंगवल्याशिवाय ठिपक्यांचा अर्थ लावू नका. पक्कं उत्तर हवं असेल तर त्या जिवाणूच्या 16 एस आरएनएला (जिवाणूची ओळख पटवणाऱ्या रेणूला) चिकटणारा चमकता प्रोब वापरावा लागतो. ती सोय विद्यापीठाच्या विभागात किंवा संशोधन संस्थेत मिळू शकते, मागायला संकोच करू नका.

नाव शोधणे

सुट्या केलेल्या वसाहतीचा 16 एस जनुक 27 एफ आणि 1492 आर या प्रायमरनी वाढवा. सुमारे 1,500 जोड्यांचा तुकडा येतो, तो सिक्वेन्सिंगला पाठवा. सगळा अमीबा उकळून त्याच्यावर थेट पीसीआर केला तर उरलेल्या ई. कोलायचाच डीएनए बाकी सगळ्याला दाबतो. अगारवर न वाढणाऱ्यांसाठी त्या त्या गटाचे खास प्रायमर लागतात. निकालात बर्कोल्डेरिया सुडोमॅलायचा नुसता संशय आला तरी काम तिथेच थांबवा, प्लेट उघडू नका आणि वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या माणसाला कळवा.

काढून पाहणे, परत घालून पाहणे

संबंध सिद्ध करायला दोन्ही दिशांनी जावं लागतं.

काढण्यासाठी: बीजाणू एसएम/5 वर, टेट्रासायक्लिन 30 मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि खाणं म्हणून उष्णतेने मारलेला ई. कोलाय. एक-दोन फेऱ्यांनंतर ठिपका-चाचणी. स्वच्छ झालेला वाण नंतर प्रतिजैविकाशिवाय, जिवंत ई. कोलायवर, किमान दोन फेऱ्या वाढवा आणि मगच तुलना करा. याचं कारण जिऑन यांच्या गोष्टीशी नातं सांगणारं आहे: मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूच, त्यामुळे जिवाणूंची प्रथिननिर्मिती अडवणारं टेट्रासायक्लिन त्यांनाही थोडं लागतं. लगेच मोजलं तर अशक्तपणा औषधाचा असतो आणि दोष पाहुणा गेल्याला जातो.

परत घालण्यासाठी: स्वच्छ वाणाचे सुमारे 2,00,000 बीजाणू, आणि सारख्याच दाटपणाच्या मिश्रणांमधून 95 टक्के ई. कोलाय व 5 टक्के पाहुणा जिवाणू. बोंडं आली की ठिपका-चाचणी. मग तोच वाण फक्त ई. कोलायवर पाच-सहा पिढ्या न्या, दर वेळी एकाच बोंडातून. शेवटीही टिकली येत असेल तर पाहुणा बीजाणूंमधून पुढच्या पिढीत जातो आहे, दर वेळी बाहेरून शिरत नाही.

सोबत फायद्याची की तोट्याची

'सहजीवन' म्हटलं की दोघांचं भलं, असं मराठीत आपण गृहीत धरतो. मोजल्याशिवाय तो शब्द वापरू नये असं मला वाटतं. चार प्रकारच्या प्लेट लावा: पाहुण्यासह आणि पाहुण्याशिवाय, खाणं भरपूर आणि खाणं नसलेलं. प्रत्येकी पाच तरी. बोंडं आल्यावर सगळी प्लेट ठरावीक बफरने धुऊन हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या आखलेल्या काचेवर, बीजाणू मोजा.

ब्रॉक आणि सहकाऱ्यांना याच मोजणीत दिसलं की खाणं मुबलक असलं की शेतकरी वाण मागे पडतात, कारण ते शिल्लक ठेवतात. नव्या जागी खाणं नसलं की तेच तरतात. हेलेयेला तर आधी ओळख नसलेल्या अमीबाला जास्त त्रास देतो आणि ज्यांच्यात तो मुळात सापडला त्यांना कमी. म्हणजे घर आणि पाहुणा एकमेकांना सरावलेले आहेत. 2013 मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट पुढे आली: एका शेतकरी वाणाबरोबर सुडोमोनास फ्लुओरेसेन्सचे दोन प्रकार होते. एक अमीबाचं खाणं, दुसरा खाता न येणारा पण बुरशीला मारणारं रसायन बनवणारा, आणि त्या दोघांतला फरक एका जनुकातल्या एका बदलावर होता. तुमच्या प्लेटवर न खाल्ली गेलेली वसाहत राहिली म्हणून ती फेकू नका. बुरशीसमोर टेकवून पाहा.

साठवण

बीजाणू 15-20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवा. तो फ्रीजर नसेल तर कोरड्या, निर्जंतुक केलेल्या सिलिका जेलच्या दाण्यांवर बीजाणू सुकवून घट्ट बाटलीत, साध्या फ्रीजमध्ये. वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येक वाणाच्या चार बाटल्या करा: मूळ जोडी जशी मिळाली तशी, स्वच्छ केलेला अमीबा, एकटा जिवाणू, आणि परत घातलेली जोडी. मूळ जोडीची बाटली पहिल्याच आठवड्यात भरा, ठिपका-चाचणीच्याही आधी, कारण प्रयोगशाळेत फेऱ्या होत जातात तसा पाहुणा कधी गळतो ते कळत नाही. लेबलवर पेन्सिलने, कारण शाई ग्लिसरॉलने पुसते: गाव, झाड, तारीख, मातीचा थर, किती फेऱ्या झाल्या, आणि टिकली कोणत्या दिवशी दिसली.